खाऱ्या पाण्याचा फोटो

आठवड्यातून दोनदा मी धाकट्या भावाला डायलिसिसला नेते, चार तास तिथे बसते, त्याला घरी आणते आणि मग शाळेच्या वह्या तपासायला घेते. त्यामुळे अमरावतीत कुणी कलेबिलेचं नाव काढलं की माझं डोकं सणकतं. अकोल्याची एक फोटोग्राफर मुलगी भावाचा फोटो मागायला आली, तेव्हा मी तिला दारातूनच वाटेला लावणार होते. भावानेच तिला आत बोलावलं.

आमचं गाव खारपाण पट्ट्यातलं. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ धड शिजत नाही आणि भाऊ किडन्या जाईपर्यंत तेच प्यायला. मुलीने ते पाणी कॅनमध्ये भरून आणलं होतं. माझ्याच गॅसवर तिने ते आटवलं, त्यात कागद भिजवून वाळवला, त्यावर चांदीचं औषध फासलं आणि तिने काढलेल्या भावाच्या फोटोची निगेटिव्ह वर ठेवून कागद गच्चीवर उन्हात मांडला. पाण्यातल्या मिठानेच फोटो उमटतो म्हणे. मी वाळलेले कपडे काढायला गेले, तर कागदावर भाऊ. डोळे सुजलेले, पण आजारापूर्वीसारखा ताठ. त्याचा इतका चांगला फोटो आमच्याकडे एकही नाही. मला रडूच आलं.

"हा पक्का करणार नाही," ती म्हणाली. "उजेड लागेल तसा काळा पडत जाईल. प्रदर्शनात यावर कापड असेल. ज्याला पाहायचंय त्याने उचलायचं."

म्हणजे जो पाहील तो त्याला थोडा पुसणार. पोरीचं डोकं मानलं मी, आणि तिचा रागही आला.

प्रदर्शनात आमच्या पट्ट्यातल्या किडनीच्या रुग्णांचे असे बरेच चेहरे कापडाखाली होते. मी भावाच्या फोटोजवळ पहारा दिला. एक गृहस्थ कापड वर धरून दुसऱ्याशी गप्पा मारत बसले, तेव्हा मी ते त्यांच्या हातातून काढून खाली सोडलं. पुढच्या बाईंचंही तेच केलं.

भाऊ कोपऱ्यात खुर्चीवर बसून हे पाहत होता.

"काहून झाकून राह्यली वं, ताई?"

"उजेडानं तू काया पडून राह्यला."

"पडू दे. हे पानी कोनाले दिसत नाही. आता तरी पाहू दे लोकाइले."

भिंतीला धरत तो उठला आणि त्याने स्वतःच कापड उचललं. लोक पुढे येऊन पाहू लागले, त्याला गावाचं नाव विचारू लागले. थोड्या वेळाने तो दमून खुर्चीकडे वळला. तेव्हा मी कापड माझ्या हातात घेतलं आणि हॉल बंद होईपर्यंत ते वर धरून उभी राहिले.