आत्या दारातून मागं फिरली

बाबांचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. आत्या गेली, असं ते म्हणाले. सकाळी मी निघाले तेव्हा ती कुणाच्या तरी साडीला फॉल लावत बसली होती. दुपारी छातीत कळ आली, तिचे यजमान तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले, पण तिथं पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. तिच्याविषयी लिहावं असं वाटत होतं, पण जे लिहायचं ते कसं लिहावं हे कळत नव्हतं... अजूनही नीट कळलेलं नाही.

मी पिशोर गावची. आमच्या घरातून कॉलेजात आलेली पहिली. म्हणून बाबांनी मला शहरातल्या छावणी भागात आत्याकडं ठेवलं. आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, टेम्पो चालवतात. पुढच्या खोलीत आत्याचं शिलाई मशीन. मी जे शिकून येई ते तिला सांगावंच लागे. झाडाला पाणी वर कसं चढतं हे सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तिनं शेवग्याची फांदी रंगाच्या पाण्यात घालून ठेवली होती. "बघू तरी, तुझं पुस्तक खरं बोलतंय का," म्हणाली.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात ती मशीनवर एका अंगानं बसू लागली. खाली उशी घेई, मध्येच उठे, धने भिजवलेलं पाणी पिई. कुणी विचारलं तर उष्णता वाढलीय म्हणे. तिच्या सासरी, तेही पिशोरचंच, असा रिवाज आहे की नवरात्रातले घट पाळी गेलेल्या बाईनंच बसवायचे, म्हणजे नऊ दिवसांत अडचण येत नाही. त्या वर्षी सासूबाईंनी पहिल्यांदा घट तिच्याकडं दिले होते. केवढी वाट पाहिली होती तिनं त्याची! पण पाळी गेली आणि अंगात आग सुरू झाली. आत्याला वाटलं, आपल्याच सोवळ्यात काही कमी पडतंय. मग ती रोज साबणानं आणि तुरटीच्या पाण्यानं खालचं अंग धुऊ लागली. आग वाढली की आणखी तुरटी. घट बसवायचा दिवस जवळ येत होता आणि अशा अंगानं देवीपुढं बसायचं कसं, याची तिला खरोखर भीती वाटत होती.

हे सगळं मला नंतर कळलं. एका दुपारी तिनं एवढंच विचारलं, "तुमच्या कॉलेजात शिकवतेत का गं, पाळी गेल्यावर बाईच्या अंगात काय होतं ते?" मी पुस्तक काढून पाहिलं. पाळी कशी येते त्याची आकृती होती, बाण होते. गेल्यानंतरचं एक वाक्य होतं, आणि त्यात ती थांबते, एवढंच. आत्या ते वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेऊन म्हणाली, "आन् पुढं? पुढं बाई जगती की."

पुढचं डॉक्टरांनाच विचारू, म्हणून मी तिला स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडं घेऊन गेले. आत गेल्यावर तिनं कंबर दुखते म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी कंबर दाबून पाहिली, व्यायाम सांगितले. आम्ही उठलो. दाराशी जाऊन आत्या थांबली, मागं फिरली आणि पुन्हा खुर्चीत बसली.

"बाई, मी खोटं बोलले. कंबर नाय दुखत. मायांगाच्या तोंडाशी आग होती. लघवीला बसलं की जळतंय."

मी भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडं पाहत राहिले. डॉक्टर मात्र, जणू कुणी सर्दी झाली म्हणावं, इतक्या सहज एकेक विचारत गेल्या. खाज आहे का, मध्ये कधी रक्त दिसलं का, पूर्वी काही मोठा आजार होता का, नवऱ्याजवळ गेल्यावर त्रास होतो का.

"ते तर बंदच केलं," आत्या म्हणाली. "त्यांना सांगितलं, आता घट माझ्याकडं हायेत."

"म्हणजे देवीच्या नावावर खपवलंत," डॉक्टर म्हणाल्या, आणि आत्या तोंडाला पदर लावून हसू लागली. कितीतरी दिवसांनी.

तपासून झाल्यावर त्यांनी समजावलं. पाळी गेली की शरीरातलं एक संप्रेरक कमी होतं. त्यामुळं मायांगाची, म्हणजे योनीची त्वचा पातळ आणि कोरडी पडते. हे पुष्कळ बायकांना होतं, यात अस्वच्छतेचा काही संबंध नाही. तुरटी तर आहे तो ओलावाही शोषून घेते, ती आजच बंद करा. त्यांनी लघवीची तपासणी करायला सांगितली, आत लावायचं मलम लिहून दिलं, आणि रक्त दिसलं तर एक दिवसही न थांबता या, असं बजावलं. आत्याचा प्रश्न तयार होता. मलम लावून घटाला शिवलेलं चालतं का? डॉक्टर म्हणाल्या, डोळ्यांत औषध घालून पूजा करता ना, मग?

घरी येऊन आत्या बराच वेळ उशीकडं पाहत बसली. तिच्या सासूबाई पाटावर नेहमी तिरक्या बसत. आत्याला आयुष्यभर तो त्यांचा तोरा वाटत आला होता. तिनं पिशोरला सासूबाईंना फोन लावला. सरळच विचारलं की तुम्हाला पण तिथं आग व्हायची का? फोनमधून म्हातारीचा आवाज आला, "तुला बी?" त्यानंतर दोघी कितीतरी वेळ बोलत होत्या. उठून आत जावं, हे मलाही सुचलं नाही.

आराम पडायला काही आठवडे गेले. नवरात्रात आत्या घटापुढं मांडी घालून ताठ बसली होती. पुढं फॉलला साडी घेऊन येणाऱ्या बायकांशी ती मशीन थांबवून हळू आवाजात बोलू लागली. कुणी लाजून उठून जाई, तर कुणी साडी न्यायला आलेली तासभर बसे. मामा कुरकुरत, शिलाई कमी अन् दवाखाना जास्त झालाय म्हणून.

मागच्या आठवड्यात मी मशीनवरची धूळ पुसत होते. दारात एक बाई आली, हातात घडी केलेली साडी. आत्या आता नाही, असं मी सांगितलं. माहीत आहे म्हणाली, तरी गेली नाही. साडीचा काठ चुरगाळत उभी राहिली. मग मी दार पुढं ओढून घेतलं, तिला आत्याच्या जागी बसवलं आणि विचारलं, "काकू, आग होतेय का?"

तिनं होय म्हणून मान हलवली.

"तुरटी वापरता?"

आता तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "आधी ती बंद करा. उद्या डॉक्टरांकडं जाऊ. मी येते."