दसऱ्याचा घाट

माझे सासरे दरवर्षी खंडेनवमीला मुलुंडहून खंडाळ्याला सायकलने जायचे. ऑफिसातले दोन मित्र सोबत असत. रात्री वर ओळखीच्या घरी मुक्काम, दसऱ्याच्या सकाळी तिथेच सायकली धुऊन त्यांची पूजा, मग घाट उतरून संध्याकाळी सोनं वाटायला घरी हजर. सासूबाई याला वार्षिक खूळ म्हणत. माझ्या नवऱ्याला सायकलीतलं पंक्चर सोडून काही कळत नसे. उरले मी. सत्तर-एकाहत्तरची गोष्ट असेल. लग्नाला दोन वर्षं झाली होती, माहेरी भावाच्या सायकलीवर मी हिंडलेली, आणि सासरी दिवसभर घरात बसून जीव नुसता आंबला होता. मी कुणाला काही बोलले नव्हते, पण मामंजींनी ते ओळखलं.

"सूनबाई, येतेस का घाटात?" जेवताना त्यांनी विचारलं. नाक्यावरून कोथिंबीर आणायची असावी असा सूर.

सासूबाईंचा आमटीचा डाव हवेतच राहिला. दोन दिवस घरात अबोला. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "जा. पण हिच्यामुळे कुणाला साधं खरचटलं ना, तर हिची सायकल कायमची बंद. आताच सांगून ठेवते." निघताना माझ्या अंगात नवऱ्याची जुनी पँट पाहून त्यांनी देवघराकडे तोंड फिरवलं.

पनवेलपर्यंत मी मजेत होते. खोपोली सोडली आणि रस्ता उभाच राहिला. "वर बघू नकोस," मामंजी म्हणाले, "पुढच्या चाकाकडे बघ." शिंगरोबाच्या देवळापाशी माझे पाय संपले. उतरून ढकलायला लागले तर तेही उतरले.

"अहो, तुम्ही बसा ना, तुमचं चाललंय की."

"छे, मलाही दम लागलाय."

धादांत खोटं. त्यांचे मित्र पुढे निघून गेले तरी हा माणूस माझ्यासोबत चालत राहिला, कड्यांवर फुललेली पिवळी सोनकी दाखवत, कुठल्या वळणावर पाणी गार मिळतं ते सांगत. वर पोचल्यावर मी मागे वळून दरी पाहिली आणि सरळ रडले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, हे आता सांगायला हरकत नाही.

दसऱ्याला सकाळी सायकली धुतल्या. माहेरी या दिवशी आई शिवणयंत्राला तेलाचा हात फिरवायची. मला वाटलं, आपणही करावं. ज्या सायकलीने आपल्याला एवढं वर आणलं, तिचं एवढं तरी कौतुक नको का? डोक्याला लावायचं खोबरेल घेऊन मी दांडी, मडगार्ड आणि दोन्ही चाकांच्या रिमा चोळचोळून पुसल्या. काय चमकत होत्या! वर हळदकुंकू, झेंडूची माळ. एवढी नटवलेली सायकल घाटात दुसरी नसेल.

उतारावर पहिला ब्रेक दाबला आणि काहीच झालं नाही. रबर तेलावरून नुसतं घसरत होतं. दोन्ही ब्रेक आवळले तरी सायकल पळतच सुटली. वळणावरून एक ट्रक चढत येत होता. मी ओरडले. मागून मामंजी आले, एका हाताने माझं कॅरिअर धरलं आणि दोघांनाही डोंगराच्या अंगाला ओढलं. मी गवतात पडले. ते दगडावर, मनगटावर.

उठून त्यांनी आधी मला नखशिखांत न्याहाळलं, मग माझ्या चाकावरून बोट फिरवून नाकाशी नेलं. "खोबरेल?" असं म्हणून ते एवढे हसले की त्यांचा मोडका हात हलला आणि ते कळवळले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशात त्यांनी एका हाताने माती घेऊन माझ्या रिमा घासायला सुरुवात केली.

"राहू द्या हो!"

"घरी काही बोलायचं नाहीस," ते म्हणाले. "मी बोलेन."

मित्र पुढे गेले होते, त्यांना काही दिसलं नव्हतं. खाली जाणाऱ्या एका ट्रकमधून परत आलो, मामंजींचा हात प्लास्टरमध्ये. दारातच सासूबाईंनी विचारलं, "काय केलंन हिने?"

"तिने काय करायचंय? ब्रेक मला वेळेवर दाबता आला नाही. वय झालं आता."

मी तोंड उघडलं. त्यांनी चांगल्या हाताने आपट्याची पानं माझ्या हातात कोंबली, "सोनं घे, सोन्यासारखी राहा," म्हणाले, आणि मी गप्प बसले.

सासूबाई न्यायी बाई होत्या. पुढल्या वर्षी त्यांनीच निकाल दिला, "हिला जायचं तर जाऊ दे. तुम्ही नाही." मामंजी हं म्हणाले. नवमीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी माझ्या चाकांत हवा भरली, ब्रेक तीन-तीनदा दाबून पाहिले. मी त्यांच्या मित्रांबरोबर गेले, आणि पुढेही कितीतरी वर्षं जात राहिले. परतल्यावर ते मला गॅलरीत बसवून सगळा घाट विचारत. मी वळणामागून वळण सांगायची, ते डोळे मिटून ऐकायचे. एखादं वळण गाळलं तर लगेच म्हणायचे, "थांब, त्याआधी आंब्याचं झाड येतं."

एकदा मला राहवलं नाही. "मामंजी, खरं काय ते आज सासूबाईंना सांगून टाकते. माझ्यामुळे तुमचा घाट सुटला."

त्यांनी डोळे उघडले. "माझे गुडघे आता जिना चढत नाहीत गं. माझं काही सुरू व्हायचं नाही, तुझं मात्र बंद होईल. मग मला घाट कोण सांगणार?" आणि पुन्हा डोळे मिटून म्हणाले, "हां, शिंगरोबाच्या पुढे काय होतं?"