मापाशिवाय कात्री नाही

आमच्या म्हैसुरातल्या शिंपी मंडळींइतकी स्वतःच्या शहाणपणावर खूश माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. बंगळूरहून तयार शर्ट येऊन दुकानांत लटकायला लागले, तेव्हा या शहाण्यांनी काय करावं? विठ्ठलाच्या देवळात सभा भरवली आणि एकेकाने तुळस हातात घेऊन शपथ घेतली, अंगाचं माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावणार नाही. वडील पुढे होते. मीही शपथ घेतली. दुकानात कटिंग माझ्याकडे असे, आणि पिरियापट्टणपर्यंत माझ्या हाताचं नाव आहे असा माझा समज होता.

सभेला बायकांना बोलावलं नव्हतं, त्यामुळे माझी विधवा काकू शपथेतून आपोआप सुटली. तिने काकांचं मशीन हिनकलच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये नेलं आणि शाळा उघडायच्या तीन महिने आधीच गणवेश शिवायला घेतले. लहान, मधला, मोठा. एकाही मुलाचं माप नाही. आम्ही पोट धरून हसलो. वडिलांनी ‘बाजारात तुरी’ची म्हण ऐकवली.

कटिंग तिला नीट जमेना, म्हणून ती मला बोलवायला आली. निम्मा धंदा तुझा, म्हणाली. मी तुळशीचं कारण पुढे केलं. खरं म्हणजे बाईच्या शेडमध्ये काम करायची मला लाज वाटत होती.

“बरं,” ती म्हणाली. “सुम्ने विचारलं, उगीच.”

जूनमध्ये तिच्याकडे आईबापांना गणवेश हातोहात मिळाले. आमच्याकडे माप द्या, आठवड्याने या, बटणं राहिलीत, उद्या या. पुढे नंजनगूडहून बायका तिच्याकडे कामाला यायला लागल्या, आणि शपथवाल्यांची दुकानं एकेक करून मिटली. वडील शेवटपर्यंत गळ्यात टेप घालून गिऱ्हाइकांना अक्कल नाही म्हणत बसले. देवळाच्या पायरीवर अजूनही ठरतं की धंदा सरकारने बुडवला. काकूला शेड काय सरकारने दिली होती?

वडिलांमागे दुकान गेलं. घरात खाणारी तोंडं होती, म्हणून मी हिनकलला गेलो. काकूने चहा दिला. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं, पण तिला तेवढी सवड नव्हती.

“कटिंगला आता पोरी आहेत,” ती म्हणाली. “काजं करशील काय?”

काजं आम्ही नवशिक्याला देत असू. मी हो म्हटलं.