एअरबॅगच्या झाकणावरचा देव

"देव हाय तो मॅडम. हात नोका लावू."

गाडी पातूरहून सर्व्हिसिंगला आली होती. मी अकोल्यातल्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायजर. गाडी तपासून जॉब कार्डवर सही करणं हे माझं काम. डॅशबोर्डवर डावीकडे किलोभराचा पितळी गणपती पक्का चिकटवला होता. नेमका एअरबॅगच्या झाकणावर. 'एअरबॅग' ही अक्षरंच त्याच्याखाली गेली होती.

मालक फुलशेतीवाले. बोलत होत्या त्या त्यांच्या आई. "सूनबाईले सातवा लागला. मांगं बसलं का तिले मळमळते, म्हनून पुढंच बसते. तिच्या रक्षणासाठीच देव सामोर बसवला."

मला राग आला आणि वाईटही वाटलं. मी समजावून सांगितलं. जोराची धडक बसली की सेन्सर कॉम्प्युटरला कळवतो. कॉम्प्युटर करंट सोडतो, डबीतलं रसायन पेटतं आणि गॅसने पिशवी फुगते. पापणी लवायच्या आत. ती झाकण फाडूनच बाहेर येते. झाकणावर जे असेल ते गोफणीतल्या दगडासारखं समोरच्याच्या अंगावर जातं.

"देव काई करत नाई तिले," आई म्हणाल्या.

मॅनेजरनी मला बाजूला घेतलं. "देव त्यांचा, गाडी त्यांची. धुऊन द्या आणि विषय संपवा."

"सही माझी आहे सर. मी करणार नाही."

"मग दुसऱ्याची घेतो."

"घ्या."

मागच्या आवारात अपघातातल्या गाडीचा एक डॅशबोर्ड पडला होता. त्यातली एअरबॅग फुटलेली नव्हती. अशी पिशवी भंगारात देण्याआधी लांब वायर जोडून, दूर उभं राहून फोडावी लागते. ते काम त्या दिवशी होतंच. नव्या गाड्यांच्या पूजेसाठी आमच्याकडे नारळ असतात. त्यातला एक मी झाकणावर ठेवला आणि मालक, आई, सोबत आलेली सून, सगळ्यांना लांब गेटजवळ उभं केलं.

"मॅडम, हा तमाशा बंद करा!" मॅनेजर ओरडले.

मी बॅटरीला वायर टेकवली.

बार उडाल्यासारखा आवाज झाला. नारळ शेडच्या पत्र्याला पोचा पाडून खाली आला, फुटूनच.

सून दोन्ही हात पोटावर धरून उभी होती. आई तिच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्यावरच डाफरल्या, "हे आधी कोनी काहून नाई सांगतलं? मीच बसवला, मीच काढन!"

मी गरम हवेने गोंद सैल करून दिला. त्यांनी गणपती पदरात घेतला. सुनेला मी सीट मागे सरकवून दिली आणि बेल्ट पोटाच्या खालून कसा घ्यायचा ते दाखवलं. मग सही केली.

मला मेमो मिळाला. पत्र्याचं नुकसान आणि वरिष्ठांचं न ऐकणं. मी उत्तर दिलं नाही, देणारही नाही. अडीच महिन्यांनी पातूरहून पेढे आले, मुलगी झाली म्हणून. पहिला पेढा मॅनेजरनीच उचलला.

त्या पातूरच्या गाडीची एअरबॅग अजून उघडलेली नाही, आणि कधी उघडायची वेळ न येवो. देव गाडीत कुठेही बसवा, ते झाकण तेवढं मोकळं सोडा. ऐकायचं नसेल तर माझ्याकडे या. मेमो ड्रॉवरमध्ये आहे आणि शेजारी एक नारळ.