उपासाचं दही

एप्रिल १९६२, ईस्टरनंतरचा पहिला रविवार. टांग्याचे ठरलेले दोन रुपये, जाऊन-येऊन. सकाळी दारात हजर: मी, माझी बायको, सात वर्षांची आमची मुलगी, शेजारच्या मावशी आणि टांगेवाला. मुलीचं त्या दिवशी पहिलं कम्युनियन होतं, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची भाकर ती पहिल्यांदाच जिभेवर घेणार होती.

आम्ही मूळचे वसईकडचे. मालधक्क्यावरच्या नोकरीमुळे अकोल्याला आलो आणि भाडं परवडलं म्हणून जुन्या शहरात राहिलो. गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. पण त्या दिवशी सगळी गल्ली आमच्याइतकीच उतावीळ झाली होती. अमरावतीच्या मावसबहिणीनं शिवून पाठवलेला पांढरा झगा पोरीनं घातला होता, डोक्यावर जाळीचं कापड होतं, आणि ती एका पायावर उड्या मारत होती. मला म्हणाल तर मीही मनातून उड्याच मारत होतो. आदल्या रात्री तीनदा उठून घड्याळाची किल्ली तपासली होती.

आमच्या घरात कम्युनियनचा अर्थ पुस्तकातून कमी आणि पोटातून जास्त शिकवला जायचा. रविवारी चूल पेटायची ती मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधली उपासना आटोपल्यावर. पहिला घास प्रभूचा, आपला त्यानंतर. माझ्या लहानपणी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. आता नियम सैल झाला होता: ख्रिस्तप्रसादाआधी तीन तास अन्न नाही, एक तास दूध-चहा नाही, पाणी केव्हाही. मुलीला तो पाढ्यासारखा पाठ होता.

मी टांग्यात पाय ठेवतो तोच मावशी म्हणाल्या, "थांब व माय, असं कोरडंच जातेत का चांगल्या कामाले?" आणि त्यांनी पोरीच्या हातावर दही-साखर ठेवली. पोरीनं वडीलधाऱ्यांनी दिलेली वस्तू नाकारायची नाही, हाही पाढा पाठ केला होता. तिनं हात चाटून पुसून साफ केला.

बायको किंचाळलीच. "अगं, उपास आहे ना तुझा!"

"म्हणूनच त दही देलं," मावशी म्हणाल्या. "उपासाले दही चालते. म्या साबुदाणाबी नाही देला, म्हटलं या लोकायचं कसं असते कोण जाणे."

मी घड्याळ काढलं. सव्वासहा. मिस्सा सातला, म्हणजे ख्रिस्तप्रसाद पावणेआठच्या सुमारास. दीड तास.

टांगा मोर्णा नदीच्या पुलावर आला तरी आमचा वाद चालू होता. मावशीही आमच्याबरोबर बसल्या होत्या. त्यांना सोहळा पाहायचा होता, आता निकालही ऐकायचा होता.

"दही पातळच होतं," बायको म्हणाली. "पातळाला एक तास. झालं की!"

"पातळ असतं तर ती प्यायली असती. तिनं चाटलं."

"अहो, तुम्ही मालधक्क्यावर वजनं करा. इथं नको."

"आणि साखर?"

"विरघळली होती."

"नाही गं आई," मुलगी मध्येच म्हणाली, "दाताखाली कुरकुर वाजली." आणि मग तिचा चेहरा पडला, कारण आपण काय बोललो ते तिला कळलं. "बाबा, मग मला आज नाही मिळणार?"

टांगेवाल्यानं मागं वळून पाहिलं. "भाऊ, इतक्याशा दह्यावून देव थोडाच परत जाते?" देव जात नाही हे मलाही माहीत होतं. पण नियम लहान गोष्टीतच पाळायचा असतो, असं मीच तिला शिकवलं होतं.

चर्चच्या मागच्या खोलीत फादर झगे चढवत होते. मी वेळेसकट सगळं सांगितलं. ते आधी खो-खो हसले, मग मुलीसमोर उकिडवे बसले. "गोड होतं का?"

"हो, फादर."

"आज दहा वाजता मी स्टेशनजवळ रेल्वेच्या लोकांसाठी दुसरी मिस्सा करणार आहे. तोवर पोट रिकामं ठेवशील?"

तिनं मान इतक्या जोरात हलवली की डोक्यावरची जाळी खाली आली.

सातच्या मिस्सात इतर मुलं ख्रिस्तप्रसाद घ्यायला वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकायला गेली तेव्हा ती बाकावर बसून पाहत राहिली. बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही.

बाहेर आलो तर ऊन तापायला लागलं होतं. टांगेवाला लिंबाखाली थांबला होता. मावशी म्हणाल्या, "पोरगी खाईन तवाच मी खाईन. पाणीबी नाही पेत मी."

"पाणी चालतं, मावशी," मुलगी म्हणाली.

"पाणी चालते अन् दही नाही? उलटंच हाय बाप्पा तुमचं!" आणि मुलगी सकाळपासून पहिल्यांदा खळखळून हसली.

रेल्वेच्या शाळेची एक खोली, मास्तरांच्या टेबलावर धुतलेली चादर, दोन मेणबत्त्या. माणसं पंधरा-वीस, गोव्याचे गार्ड, मद्रासकडचे ड्रायव्हर, घामाघूम. कठडा नव्हता, सतरंजीवर सगळ्यात पुढे तिला बसवलं. घंटी वाजली. मी प्रार्थनाच विसरलो. फादर वाकले, तिनं डोळे मिटले, जीभ पुढे केली. मिळालं! बायकोनं माझा दंड असा आवळला की वळ उठला. दाराशी चपला काढून उभ्या राहिलेल्या मावशींनी पदरानं डोळे पुसले.

ती परत येऊन माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, याला चवच नाही. पण मला खूप भूक लागली होती ना, म्हणून बरं वाटलं." इतकी वर्षं मी कम्युनियन घेत आलो, याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

घरी बायकोनं केक कापला. मावशी आपल्या घरातून दह्याचं अख्खं गाडगं घेऊन आल्या. "आता चालते का, का अजून घड्याळ पाह्यता?"

मी घड्याळ खिशातच ठेवलं. टांगेवाल्यालाही आत बोलावलं. तो उंबऱ्यापाशी बसून दही ओरपत होता, आणि पोरगी त्याच्या वाटीत स्वतःच्या हातानं साखर घालत होती.

त्याला शेवटी दिले साडेतीन रुपये: ठरलेले दोन, दुसऱ्या फेरीचा एक, आणि थांबल्याबद्दल आठ आणे. आठ आणे त्यानं परत केले, पोरीच्या हातावर ठेवले.