रे रोड ते परळ, बाटली सांभाळून

साता समुद्रापलीकडून निघालेल्या त्या बाटलीचा प्रवास मुंबईत उतरेपर्यंत अगदी सुरळीत झाला. मग ती माझ्या हाती आली.

सकाळी दहाला लाकडाच्या वखारींमधून शिंकत शिंकत रे रोडचं गोदाम गाठलं. बाटली केवढी? करंगळीच्या पेराएवढी. आत अँटीबॉडी (प्रतिपिंड). गर्भात स्वादुपिंड घडू लागलं की पेशींत एक प्रथिन उगवतं. हा द्रव नेमका त्यालाच चिकटतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा चमकतो. परळच्या आमच्या प्रयोगशाळेत वैदेही दोन वर्षं पेशी वाढवते आहे. त्या स्वादुपिंडाच्या वाटेला लागल्या की नाही, हे आता कळणार होतं. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची त्या पेशींची एकच काच तिच्याकडे उरली होती. "काका, जपून हं," असं तिने मला तीनदा बजावलं. तीस वर्षं तिथे नोकरी केलेल्या माणसाला!

गोदामातल्या साहेबांनी कागद बघायला दोन तास घेतले. तोवर खोक्यातल्या बर्फाचं पाणी. पुढे टॅक्सी काळाचौकीला अडकली, वर ऊन रणरणतं. शेवटी लालबागला उतरलो आणि थेट मासळीबाजारात शिरलो.

"काय रे दादा, पापलेट ठेवतोस काय?" कोळीणबाईंनी खोकं बघून विचारलं.

"औषध आहे, मावशी. बर्फ द्या. आणि मूठभर मीठ."

"मीठ पण? कोकणातला दिसतोस!"

माझी छाती फुगली. मासे लांब धाडायचे तर बर्फात मीठ हवंच, गारठा वाढतो; आमच्या वेंगुर्ल्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. खोक्यावर 'थंड ठेवा' अशी सूचना होती. त्याखालची ओळ मी परळला पोचल्यावर वाचली. 'गोठवू नका.'

मेलो! बाटलीत पांढरा खडा झाला होता. प्रयोगशाळेच्या जिन्यात उभा राहून मी ती मुठीत धरली, पार वितळेपर्यंत. मग वर नेऊन दिली.

"काका, तुम्ही म्हणजे ना, ग्रेट आहात!" वैदेही म्हणाली. मी चहा प्यायला सटकलो.

दुसऱ्या दिवशी तिने आधी उंदराच्या स्वादुपिंडाची काच लावली. तिथे ते प्रथिन असतंच, म्हणजे चमकायलाच हवं. मिट्ट काळोख.

"माझ्याच हाताला यश नाही," ती म्हणाली. डोळे भरले होते. "आता माझी काच लावते. होऊ दे काय व्हायचं ते."

"थांब गो," मी म्हणालो. "बाटली गोठली होती. मी बर्फात मीठ घातलं होतं."

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने काच परत पेटीत ठेवली. "आज काही दिसलं नसतं ना, काका, तर हे सगळं सोडून गावी जायचं ठरवलं होतं मी."

परळहून घरी चालतच आलो. चेहरा बघून बायकोने विचारलं, "काय झालं?"

"काल सांगायला हवं होतं, ते आज सांगितलं," मी म्हणालो आणि मला रडू फुटलं.