बायनाबाईच्या हातातला करंट

ताडकळसमध्ये आज जे कुणी पस्तिशीच्या आतलं मिशीला पीळ देत हिंडतं, ते एकेकाळी बायनाबाईच्या पायांवर पालथं पडून रडलेलं आहे. बसची वाट बघणाऱ्या कुणालाही ती थांबवते आणि म्हणते, "का रं, अजून कुबड काढूनच चालायलास व्हय? लय चोळली होती मी ती पाठ." चारचौघांतला तो बाप्या निमूट ताठ उभा राहतो.

बायनाबाई ही आमच्या गावची बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी बाई. माझी दोन्ही लेकरं तिच्याच हातची. तिची पद्धत ठरलेली. गार हात लेकराला लावायचा नाही, म्हणून आधी शेगडीवर तळवे शेकायचे, मग ते पदराला खसाखसा पुसायचे, मग लेकरू उचलायचं आणि तेल त्यानंतर. यात फरक नाही. फरक सुचवणाऱ्याची ती धडगत ठेवत नाही.

यंदा पौषात शेजारच्या प्रमोदिनीवहिनींची श्रद्धा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. ती हायस्कुलात शिकवते. तिला मुलगी झाली. थंडी इतकी कोरडी, की हसलं तरी ओठ फुटायचे. वहिनींनी नातीसाठी खोली सजवली. खाली नायलॉनची चटई, तिच्यावर जावयांनी पुण्याहून आणलेलं मऊमऊ ब्लँकेट. दिसायला लोकरीचं, पण मेंढीशी त्याची कधी भेट झालेली नसावी. बायनाबाईनं हात शेकले, पदराला पुसले आणि पोरीच्या गालाला बोट लावलं. चट्! पोर किंचाळली. बायनाबाईनंही हात झटकला.

दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशी तर बारीकशी ठिणगीच दिसली. वहिनींनी नातीला छातीशी धरलं आणि म्हणाल्या, "बायनाबाई, उद्यापासून तुमी राहू द्या."

श्रद्धा सांगत होती, "आई, मावशींचा काही दोष नाही. कंगवा केसांतून फिरवला की कागदाचे कपटे उचलतो, तीच ही वीज. कोरड्या हवेत अंगावर साठते आणि शिवलं की उडी मारते." पण ओल्या बाळंतिणीचं ऐकतंय कोण? शाळेत साठ पोरं तिचं ऐकतात, घरी तिला डिंकाचा लाडू देऊन गप्प बसवतात.

गावाला मात्र विषय मिळाला. समोरची कडूबाई ओट्यावर बसून सांगू लागली, की बायनाबाईच्या हातात काहीतरी शिरलंय. पलीकडच्या गल्लीतल्या दत्तरावांच्या सुनेचे दिवस भरत आले होते. त्यांच्याकडून निरोप आला, की तुमी येऊ नका, आमी दुसरी बाई बघायलाव. एका आठवड्यात बाईचा जन्मभराचा हात नासका ठरला. मला असा संताप आला म्हणता!

मी तिच्या घरी गेले, तर ती उंबऱ्यात बसून आपल्याच तळव्यांकडं बघत होती.

"मलाच भ्या वाटायलंय ह्या हाताचं," ती म्हणाली. "काल नातवाला जवळ घेतलं न्हाई मी."

ते ऐकून मला राहवेना. मी तिला ओढतच श्रद्धाकडं नेलं. वहिनी दारात आडव्या आल्या, तर श्रद्धा म्हणाली, "आई, लेकराला नाही, मला लावू दे हात." तिनं चटई गुंडाळून काढायला लावली. बायनाबाई अनवाणी फरशीवर बसली, सवयीनं हात शेकले, पदराला पुसले, आणि भीत भीत श्रद्धाच्या कोपराला बोट लावलं. चट्!

"बघा," ती म्हणाली. "चटईचं न्हवं ते. माझ्यातच हाय." आणि उठली.

उठताना तिचा पदर दंडाला चिकटला. तिनं तो सोडवला, तर तडतड आवाज झाला, कढईत मोहरी पडावी तसा. श्रद्धानं पदर चिमटीत धरला.

"मावशी, ही साडी कुठली?"

"तुझ्या आईनंच दिली की. तुझ्या भाच्याच्या वक्ताला."

वहिनी खिडकीबाहेर बघू लागल्या.

देण्याघेण्याच्या साड्या म्हणून एक जात असते. ती घेणारी नेसत नाही, पुढच्या लग्नात दुसरीला देते, दुसरी तिसरीला. पॉलिस्टरची असल्यामुळं ती फाटत नाही, विरत नाही, नुसती हिंडते. हिंडत हिंडत शेवटी ती येते बायनाबाईकडं, सव्वा महिन्याची बोळवण म्हणून. तिची पेटी अख्ख्या गावाच्या अशा उपकारांनी भरलेली. सुती लुगडी होती तोवर काही झालं नाही. ती विरली आणि पेटी उघडली.

"मावशी, सुती एखादी असेल ना?" श्रद्धानं विचारलं.

"इकत कशाला घिऊ माय? लोकायनी दिल्यात की भरपूर."

मी घरी पळाले आणि माझी धुऊन मऊ झालेली सुती साडी आणली. श्रद्धानं ब्लँकेट कपाटात कोंबलं आणि आजोबांच्या जुन्या धोतराचं दुपटं अंथरलं. कोपऱ्यात गरम पाण्याचं पातेलं उघडं ठेवलं, हवा जरा ओलसर व्हावी म्हणून. मग म्हणाली, "मावशी, आता हात कोरडे करायचे नाहीत. धुवायचे, न्हाणीतल्या लोखंडी नळाला टेकवायचे. साठलेलं असेल ते तिथंच जाऊ द्यायचं. मग कोमट तेल, आणि मग लेकरू."

"तेल आधी?" बायनाबाईचा आवाज चढला. "आमच्या सासूनं कधी..." मग तिनं पाळण्याकडं बघितलं. पोरगी मुठी चोखत पडली होती. "बरं," ती म्हणाली. "तेल आधी."

साडी बदलून, नळाला हात लावून, तेलाचे तळवे पुढं धरून ती आली. लेकराजवळ जायचा धीर तिला होईना.

वहिनी पुढं झाल्या. "आधी मला लावा," म्हणाल्या, आणि हात पुढं केला. बायनाबाईनं डोळे मिटून त्यांच्या तळव्यावर तळवा टेकवला.

काही झालं नाही. नुसतं तेल लागलं.

वहिनींनी तो हात सोडलाच नाही. दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "बायनाबाई, ह्याच हातावर माझी श्रद्धा वाढली. मी कशी इसरले वो?" मग बायनाबाईला पाय पसरून बसवलं आणि पाळण्यातून नातीला उचलून त्यांनी स्वतःच तिच्या पायांवर ठेवलं.

पोरीनं एक जांभई दिली आणि बायनाबाईच्या पायांवर मुतली. बायनाबाई हसत होती, रडत होती आणि पाठ चोळत होती. वहिनी ओट्यावर गेल्या आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगं कुणी दत्तरावांकडं जायलंय का? त्यांना म्हणावं, दुसरी बाई बघू नका. आमच्या पोरीचं न्हाणं झालं की आमची बायनाबाई येतीय."